ऑइलचा लाल दिवा, ईसीयू आणि ‘ऑइल लाइफ ६०%’: इंजिन ऑइलबद्दल गाडीला नेमकं काय कळतं?

कारची चावी फिरवली की डॅशबोर्डवर तेलाच्या झारीसारखं एक लाल चिन्ह पेटतं, टोकाला एक थेंब असलेलं. इंजिन सुरू झालं की एक-दोन सेकंदांत ते विझतं. हा दिवा म्हणजे ‘ऑइल कमी झालं’ची सूचना, असं बहुतेकांना वाटतं. पण तो ऑइल किती आहे हे सांगतच नाही. या गैरसमजापायी अनेक इंजिनं जाम होतात. दिवा लागला तरी लोक ‘चला, पुढच्या पंपावर अर्धा लिटर टाकू’ म्हणत दहा किलोमीटर गाडी चालवतात, आणि तेवढ्यात इंजिनचं काम निघतं.

इंजिन ऑइलबद्दल खरं तर तीन वेगळे प्रश्न आहेत. ऑइलला आत्ता प्रेशर आहे का? चेंबरमध्ये ऑइल किती आहे? आणि जे आहे ते अजून कामाचं आहे का? या तिन्हींची उत्तरं गाडीला तीन वेगळ्या मार्गांनी मिळतात. पहिलं एका साध्या स्विचमधून येतं. दुसरं बऱ्याच गाड्यांना कळतच नाही. आणि तिसरं, म्हणजे नव्या गाड्यांच्या स्क्रीनवर दिसणारा तो ‘ऑइल लाइफ’चा टक्का, बहुतेक वेळा मोजलेला नसतो. तो सॉफ्टवेअरने काढलेला अंदाज असतो. यातलं काय मोजलेलं आणि काय अंदाजाने काढलेलं, हे एकदा कळलं की कशावर किती विश्वास ठेवायचा तेही कळतं.

लाल दिवा म्हणजे एक स्विच

इंजिनच्या खाली ऑइलचा चेंबर असतो. तिथून पंप ऑइल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि बारीक वाटांनी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत, कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. कारच्या इंजिनात क्रँकशाफ्ट धातूवर टेकून फिरत नाही. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते. त्या फटीत ऑइलचा थर असतो आणि शाफ्ट अक्षरशः त्या थरावर तरंगत फिरतो. थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. थर गेला की घासाघीस, उष्णता, आणि मग बेअरिंग शाफ्टला चिकटतं. यालाच आपण ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतो.

या ऑइलच्या वाटेवर एक छोटा प्रेशर स्विच बसवलेला असतो. आत एक पातळ पडदा, एक स्प्रिंग आणि दोन संपर्क. प्रेशर नसेल तर स्प्रिंग संपर्क जोडून ठेवते, सर्किट पूर्ण होतं आणि दिवा लागतो. प्रेशर आलं की पडदा ढकलला जातो, संपर्क तुटतो, दिवा विझतो. बहुतेक स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास बदलतात. तुलनेसाठी, चांगलं तापलेलं कारचं इंजिन आयडलिंगला साधारण १ बार आणि रस्त्यावर ३-४ बार प्रेशर देतं. म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर ‘थोडं कमी’ झालेलं नसतं, जवळजवळ संपलेलं असतं. दिव्याने पूर्वसूचना दिली, असं समजू नका. तो अपघात झाल्यावर ओरडतो.

चावी लावल्यावर तो पेटतो यालाही कारण आहे. तेव्हा इंजिन बंद, पंप बंद, प्रेशर शून्य. दिवा आणि वायरिंग ठीक आहेत याची ती तपासणी असते. चावी लावल्यावर जर दिवा पेटलाच नाही, तर खूश होऊ नका. बल्ब गेला असेल किंवा स्विचची वायर निघाली असेल, आणि मग खरी वेळ आल्यावरही तो गप्प बसेल.

याआधी गाड्यांमध्ये दिव्याऐवजी काट्याचं गेज असायचं. त्यामागचा बूर्दों ट्यूबचा शोध फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट केला होता आणि कारखान्यांत तो आजही दिसतो. काट्यावर प्रेशर हळूहळू उतरताना दिसायचं, पण त्याकडे बघत कोण बसणार? म्हणून कंपन्या दिव्याकडे वळल्या. अमेरिकेतल्या जुन्या ड्रायव्हरांनी या दिव्याला ‘इडियट लाइट’ असं नाव ठेवलं. नाव अपमानास्पद आहे, पण मुद्दा चुकीचा नाही: काटा माहिती देतो, दिवा फक्त हो किंवा नाही म्हणतो.

आता ऑइल कमी असणं आणि दिवा लागणं यांचा संबंध कुठे येतो ते बघा. ऑइल थोडं कमी असलं तरी पंपाच्या तोंडाशी ऑइल आहे तोवर प्रेशर नीट येतं आणि दिवा विझलेलाच राहतो. पातळी फारच खाली गेली की वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंप क्षणभर हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात एखाद्या तीव्र वळणावर लाल दिवा चमकून गेला, सरळ रस्त्यावर विझला, तर समजा की चेंबर जवळजवळ रिकामा आहे. ‘गेला ना दिवा’ म्हणून पुढे जायची ती वेळ नाही.

दिवा लागायची इतर कारणंही आहेत. स्पीडब्रेकरवर चेंबर घासून फुटला, पंप गेला, बेअरिंग झिजून फट वाढली, ऑइल पेट्रोल मिसळून पाण्यासारखं पातळ झालं, किंवा स्विचच खराब झाला. रस्त्यावर उभं राहून यातलं नेमकं कोणतं हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. करायचं एकच: बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. पाच-दहा मिनिटांनी, गाडी सपाट जागी असताना, डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर भरा, पुन्हा सुरू करून दिवा विझतो का बघा. ऑइल पुरेसं असूनही दिवा लागत असेल तर गाडी टो करून न्या. चालवत नेऊ नका, गॅरेज समोरच्या चौकात असलं तरी.

रंगाचाही अर्थ ठरलेला आहे. डॅशबोर्डवरच्या चिन्हांसाठी आयएसओ २५७५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. लाल म्हणजे आत्ता थांबा, पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या. म्हणून काही गाड्यांत तीच झारी पिवळ्या रंगात, खाली एक नागमोडी रेघ काढून दाखवतात. ती पातळीची सूचना असते.

मग ईसीयूचं काम काय?

ईसीयू म्हणजे इंजिन कंट्रोल युनिट, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. त्याचा जन्म ऑइलसाठी झालाच नाही. तो आला पेट्रोल मोजायला.

पूर्वी पेट्रोल आणि हवा मिसळायचं काम कार्ब्युरेटर करायचा. आत जाणाऱ्या हवेच्या ओढीनेच पेट्रोल खेचलं जायचं. स्वस्त आणि टिकाऊ, पण प्रमाण ढोबळ. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकात इलेक्ट्रोजेक्टर नावाची इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची पद्धत बनवली आणि १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांत ती बसली. पण त्या काळातले इलेक्ट्रॉनिक भाग इंजिनाजवळची उष्णता आणि ओल सोसू शकले नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुढे कार्ब्युरेटर लावून द्यावे लागले. कल्पना बरोबर होती, पुर्जे तयार नव्हते. ते पेटंट वापरून जर्मनीच्या बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक आणलं, फोक्सवॅगन १६०० मध्ये. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता (तो यायला १९७१ उजाडलं), ट्रान्झिस्टरचं अ‍ॅनालॉग सर्किट होतं.

खरा जोर आला तो प्रदूषणाच्या कायद्यांमुळे. लॉस एंजेलिसच्या धुराने वैतागलेल्या कॅलिफोर्नियाने आणि पुढे अमेरिकन सरकारने नियम इतके कडक केले की कार्ब्युरेटरच्या ढोबळ हिशेबाने ते पाळणं अशक्य झालं. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नीट काम करायला हवा-पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ हवं असतं. १९७६ मध्ये व्होल्व्होने अमेरिकेत विकायच्या गाड्यांत बॉशचा लॅम्डा सेन्सर बसवला. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते तो सांगतो. १९७९ मध्ये बॉशचं मोट्रॉनिक बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आलं. त्यात इंधन आणि स्पार्क दोन्ही एकाच डिजिटल कॉम्प्युटरच्या हातात गेलं.

आपल्याकडे दुचाकीवाल्यांना हा बदल कळला तो १ एप्रिल २०२० ला, बीएस-६ लागू झाल्यावर. चोक ओढून, किक मारून सुरू होणाऱ्या साध्या शंभर सीसीच्या बाईकलाही इंजेक्शन आणि ईसीयू आला.

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर ईसीयू हा एक कधीच न संपणारा लूप आहे: सेन्सर वाचा, टेबलमध्ये बघा, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि स्पार्क कधी द्यायचा ते ठरवा, पुन्हा वाचा. ‘टेबल’ म्हणजे खरंच टेबल असतं. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा भार, आणि प्रत्येक घरात एक आकडा. मधल्या किमती दोन घरांच्या मध्ये हिशेब करून काढतात. इंजिन कुठे आहे हे कळायला क्रँकशाफ्टवर दाते असलेलं एक चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की ईसीयूला कळतं, फेरी इथून सुरू. ३६०० आरपीएमला इंजिन सेकंदाला ६० फेऱ्या मारतं. म्हणजे तुमच्या ६० हर्ट्झच्या मोबाईल स्क्रीनवर एक फ्रेम बदलते तेवढ्यात क्रँकची एक पूर्ण फेरी होते, आणि त्या एका फ्रेमच्या आत ईसीयूला स्पार्कची वेळ अंशाच्या हिशेबात पाळायची असते. अ‍ॅप अर्धा सेकंद अडकलं तर आपण चरफडतो आणि पुढे जातो. इथे अडकायची सोय नाही, म्हणून ईसीयूत वॉचडॉग नावाचा टायमर असतो. प्रोग्रामने वेळेत ‘मी जिवंत आहे’ असं कळवलं नाही तर तो सरळ रीसेट मारतो.

ऑइलशी संबंध आता येतो. नव्या इंजिनात व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असतं, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते ईसीयू चालू गाडीत बदलतो. हा बदल करायला ताकद कोणाची? ऑइलच्या प्रेशरची. ईसीयू एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल कॅमशाफ्टच्या टोकावरच्या यंत्रणेत शिरतं आणि कॅम काही अंश पुढे-मागे सरकतो. म्हणजे ऑइल फक्त वंगण राहिलं नाही, ते ईसीयूचा हात झालं. ऑइल जुनं होऊन गाळ साचला की हा हात अडखळतो आणि ‘चेक इंजिन’ लागतं. स्कॅनर लावला तर पी००११ सारखा कोड दिसतो, ज्याचा अर्थ ‘कॅमचं टायमिंग हवं तिथे येत नाही’. कोडमध्ये ऑइलचं नावही नाही, पण अशा वेळी आधी ऑइलची पातळी आणि वय बघावं, मग पार्ट बदलायच्या गोष्टी कराव्यात. गॅरेजमध्ये सेन्सर बदलायचं बिल हातात पडण्याआधी हे विचारायला हरकत नाही.

एअर-कूल्ड बाईकमध्ये तर कूलंटच नसतो. तिथे काही मॉडेलमध्ये ईसीयू ऑइलचं तापमान बघूनच इंजिन थंड आहे की गरम ते ठरवतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो.

ऑइल जुनं होतं म्हणजे काय होतं?

ऑइल ‘संपत’ नाही, बिघडतं. गरम ऑइलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ते दाट, आम्लधर्मी होत जातं. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून सतत अतिगरम चालणाऱ्या इंजिनात ऑइल झपाट्याने म्हातारं होतं.

पण थंड इंजिनही ऑइलला तितकंच छळतं, हे कमी लोकांना माहीत असतं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतो आणि इंजिन थंड असेल तर त्यातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं. लांब पल्ल्याला गाडी चांगली तापते आणि हे उडून जातं. घरापासून क्लास, क्लासपासून घर, दोन-दोन किलोमीटर, अशा फेऱ्यांत ते उडतच नाही. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा पांढरट थर दिसतो तो यामुळे. (लांब चालवूनही तो जात नसेल, आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या.) डिझेल गाड्यांत काजळी वाढते. शिवाय धुराचा फिल्टर साफ करण्यासाठी अनेक गाड्या जास्तीचं डिझेल सोडतात, आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. तिथे ऑइलची पातळी वाढलेली दिसते, आणि तीही वाईट बातमी असते.

‘ऑइल लाइफ’ हा टक्का येतो कुठून?

कंपन्या वर्षानुवर्षं किलोमीटर सांगत आल्या: इतके झाले की ऑइल बदला. पण किलोमीटर हे माप किती कच्चं आहे ते साध्या हिशेबाने दिसतं. समजा हायवेवर तुम्ही ताशी ६० ने, २००० आरपीएमवर चाललाय. एक किलोमीटरला एक मिनिट, म्हणजे इंजिनच्या २००० फेऱ्या. आता समजा शहरात सरासरी वेग ताशी १५ आहे आणि सरासरी १५०० आरपीएम. एक किलोमीटरला चार मिनिटं, म्हणजे ६००० फेऱ्या. ओडोमीटरवर आकडा तोच एक, ऑइलने केलेलं काम तिप्पट. सिग्नलला उभ्या गाडीत तर ओडोमीटर हलतही नाही आणि ऑइल राबत असतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बीएमडब्ल्यूने डॅशबोर्डवर हिरवे, पिवळा आणि लाल अशा दिव्यांची रांग दिली. गाडी जितकी राबेल तितके हिरवे दिवे लवकर संपत जायचे. त्याच दशकात जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात शर्ली श्वार्ट्झ आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी ऑइलचं आयुष्य काढायचं गणित मांडलं. त्यांचा शोधनिबंध १९८७ चा. कल्पना सुंदर आहे, कारण त्यासाठी ऑइलमध्ये बुडवायचा कोणताही नवा रासायनिक सेन्सर लागत नाही. ईसीयूला फेऱ्या आधीच माहीत असतात, तापमानही माहीत असतं किंवा अंदाजाने काढता येतं. मग ऑइल बदललं की इंजिनला फेऱ्यांचं एक ठरलेलं बजेट द्यायचं आणि प्रत्येक फेरीला ते कमी करत जायचं. तापमान योग्य असेल तर एक फेरी एकच धरायची. ऑइल फार थंड किंवा फार गरम असेल तर दंड लावायचा, म्हणजे एक फेरी दोन-तीन फेऱ्यांएवढी मोजायची. उरलेलं बजेट भागिले सुरुवातीचं बजेट, हाच तुमचा टक्का. मोबाईलचा डेटा पॅक जसा रोमिंगमध्ये लवकर उडतो तसंच काहीसं.

मला हा शोध आवडतो तो याच काटकसरीमुळे. पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. ईसीयू ऑइलकडे बघत नाही, तो इंजिनच्या वापराकडे बघतो आणि ऑइलबद्दल अनुमान काढतो. तुम्ही कोणतं ऑइल टाकलं ते त्याला माहीत नाही. डबा नकली होता हे माहीत नाही. अर्धं ऑइल गळून गेलं तरी टक्का ७० च दाखवेल, कारण फेऱ्या तेवढ्याच झाल्यात. ऑइल बदलून मेकॅनिक रीसेट करायला विसरला तर नव्या ऑइलवरही १० टक्के दिसतील. आणि उलट, ऑइल न बदलता कोणी नुसतं रीसेट केलं तर स्क्रीनवर १००. सेकंड हँड गाडी बघायला गेलात आणि विकणारा स्क्रीनवरचा १०० टक्के अभिमानाने दाखवत असेल, तर त्याच्याकडून ऑइल बदलल्याचं बिल मागा आणि डिपस्टिक स्वतः ओढून बघा.

गणित चुकूही शकतं. जनरल मोटर्सलाच ३.६ लिटरच्या व्ही६ इंजिनासाठी टायमिंग चेन झिजण्याच्या प्रश्नानंतर काही मॉडेल्समध्ये हा प्रोग्राम बदलून द्यावा लागला, जेणेकरून ऑइल बदलायची सूचना लवकर येईल. इंजिनला हात न लावता फक्त सॉफ्टवेअरमधला हिशेब कडक केला. ‘बग फिक्स’ कारलाही लागतो तो असा.

आपल्याकडच्या अनेक स्कूटर-बाईकवर जो ‘सर्व्हिस’चा पाना दिसतो तो तर याहून साधा. तो बहुधा फक्त किलोमीटर किंवा दिवस मोजतो.

खरोखर मोजणारे सेन्सर

ऑइल थेट तपासणारे सेन्सरही आहेत. एक प्रकार कपॅसिटरसारखा: दोन पट्ट्यांमध्ये ऑइल, आणि त्यातून विजेचा गुणधर्म मोजायचा. ऑइल ऑक्सिडाइझ झालं, त्यात पाणी किंवा काजळी आली की आकडा बदलतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी मर्सिडीजने असा सेन्सर वापरला, जो पातळी, तापमान आणि ऑइलची अवस्था तिन्ही बघायचा. अडचण अशी की पाण्याने आकडा एका कारणाने बदलतो, काजळीने दुसऱ्या, आणि दोन्ही एकत्र आले तर नेमकं काय झालंय ते सांगणं कठीण. म्हणून स्वस्त गाड्यांत तो फारसा आला नाही.

पातळी मोजायला काही सेन्सर एक छोटी पट्टी किंचित गरम करून ती किती लवकर थंड होते ते बघतात (ऑइलमध्ये बुडालेली पट्टी लवकर थंड होते), तर काही अल्ट्रासाऊंडचा प्रतिध्वनी वापरतात. यावर विसंबून बीएमडब्ल्यूने २००० च्या दशकाच्या मध्यापासून काही इंजिनांतून डिपस्टिकच काढून टाकली. मला हे पटत नाही. डिपस्टिकला वायर नसते, सॉफ्टवेअर नसतं, आणि ती फडक्यावर पुसली की ऑइलचा रंग, वास, दाटपणा हेही दाखवते.

मोबाईलवर काय बघता येतं?

कारमध्ये स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं आणि मग तीच पद्धत जगभर पसरली. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डाँगल लावून मोबाईल अ‍ॅपने ईसीयूला प्रश्न विचारता येतात. ‘०१ ०सी’ पाठवलं की आरपीएम मिळतो. उत्तर ‘४१ ०सी १ए एफ८’ आलं तर शेवटचे दोन बाइट घ्यायचे: २६ गुणिले २५६, अधिक २४८, भागिले ४. म्हणजे १७२६ आरपीएम. ‘०१ ५सी’ हा ऑइलच्या तापमानाचा प्रश्न, आलेल्या आकड्यातून ४० वजा केले की सेल्सिअस. पण तो सेन्सर गाडीत असेल तरच उत्तर येतं.

आता महत्त्वाचं: थेट आकडे मागायच्या या मूळ यादीत ऑइल प्रेशरचा प्रश्न नाही, ऑइल लाइफचाही नाही. कंपन्या ते स्वतःच्या खासगी कोडमध्ये ठेवतात. त्यामुळे एखादं फुकट अ‍ॅप कोणत्याही गाडीवर ‘ऑइल हेल्थ ८५%’ दाखवत असेल, तर तो आकडा बहुधा अ‍ॅपने किलोमीटरवरून स्वतः काढलेला असतो. अ‍ॅपचा खरा उपयोग फॉल्ट कोड वाचायला. पी०५२४ दिसला तर अर्थ ‘ऑइल प्रेशर फार कमी’, आणि मग वर सांगितलेलं सगळं लागू. कोड वाचा, स्क्रीनशॉट घ्या, पण ‘क्लिअर’चं बटण दाबायची घाई नको. क्लिअर केल्याने दोष जात नाही, मेकॅनिकला लागणारी माहिती तेवढी जाते. आणि काम झालं की डाँगल काढून ठेवा. लावून ठेवलेला डाँगल उभ्या गाडीची बॅटरी खात राहतो, आणि स्वस्त डाँगलचा पासवर्ड बहुतेक १२३४ असतो.

बाईकवाल्यांसाठी

शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच बाईकना ऑइलचा लाल दिवा नसतोच. कारण यांत्रिक आहे. या इंजिनांचा क्रँक कारसारखा ऑइलच्या थरावर तरंगत नाही, तो बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरतो, आणि त्याला फार प्रेशर लागत नाही. पण ऑइल मात्र लागतंच, आणि जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं ३०० मिली जळालं किंवा गळालं तर जवळपास तिसरा हिस्सा गेला, आणि तुम्हाला सांगणारं कोणी नाही. म्हणून महिन्यातून एक-दोनदा स्वतः बघणं याला पर्याय नाही. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. काच असेल तर दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. डिपस्टिक आट्यांची असेल तर अनेक मॉडेलमध्ये ती न फिरवता फक्त टेकवून मोजायची असते. फिरवून मोजलं तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघून घ्या. खुणेच्या वर भरणंही चूक, कारण फिरणारा क्रँक ऑइल घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही.

बाईकमध्ये तेच ऑइल क्लचलाही भिजवतं. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं बघा. कारचं उरलेलं ऑइल बाईकला टाकलं तर क्लच घसरू शकतो. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिथे ‘एमबी’ चालतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच घ्या. १०डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा, वजनाचा नाही.

ऑइल बदलताना समोर उभे राहा, डब्याचं सील तुमच्यासमोर फुटू द्या आणि निघण्याआधी ओडोमीटरचा एक फोटो काढून ठेवा. कारमध्ये फिल्टरही बदलला असेल तर पहिल्यांदा सुरू करताना लाल दिवा नेहमीपेक्षा काही सेकंद जास्त पेटलेला राहतो. नवा फिल्टर कोरडा असतो, आधी तो भरतो आणि मग प्रेशर येतं. तेवढ्या वेळात रेस देऊ नका.